सोळा पट पुण्य

प्रत्येक प्लगिनला १६ पट ओव्हरसॅम्पलिंग लावून 'क्वालिटी वाढली' म्हणणाऱ्यांशी आज भांडायचंय.

गेल्या हिवाळ्यात वालावलला काकांकडे गेलो होतो. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारी तळं आणि रात्री धयकालो. त्या रात्री पायपेटीवर काका होते. आता बोटं वळत नाहीत, म्हणजे तेच शेवटचं रेकॉर्डिंग. घरी येऊन झांजेच्या ट्रॅकवर सॅच्युरेशन टाकलं, जरा ऊब यावी म्हणून. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "ह्यो सूर माझो न्हय रे."

बरोबर होतं त्यांचं. झांजेत ९ किलोहर्ट्झचा स्वर धरा. सॅच्युरेशन त्याची तिप्पट, पाचपट बनवतं, म्हणजे २७ आणि ४५. पण ४४.१ च्या सॅम्पल रेटला २२.०५ च्या वर काही मावत नाही. मग २७ दुमडून १७.१ होतो, आणि ४५ थेट ०.९ वर, म्हणजे पेटीच्या पट्ट्यात! चार पट केलं की मर्यादा ८८.२ वर जाते, ४५ जागच्या जागी राहतो आणि परत खाली येताना फिल्टर त्याला कापतो. मी केलं. झांजेमागचं किरटं कुईं बरंचसं गेलं.

म्हणून काय सगळीकडे लावायचं? साधा इक्वलायझर किंवा डिले नव्या फ्रीक्वेन्सी बनवतच नाही, तिथे दुमडणार काय, कप्पाळ? (वरच्या टोकाला इक्वलायझरचा आकार थोडा सुधारतो, तेवढंच.) वर सीपीयू चौपट, लेटन्सी वेगळी, आणि लिनिअर फेज फिल्टर असेल तर ठोक्याआधीच बारीक झणझण. लूपमध्ये गरज नसलेली क्वेरी कुणी टाकली तर कोड रिव्ह्यूला आपण त्याला सोलतो की नाही?

झांजेचेच सूर आपसांत भिडून जे भलते सूर निघतात, ते १६ पटीनेही जात नाहीत. रेकॉर्डिंगच्या वेळीच फाटलेला आवाज तर नाहीच नाही. रीपरमध्ये प्रत्येक प्लगिनला वेगळी सेटिंग देता येते, ती वापरा. सॅच्युरेटर, क्लिपर, जोरात चालणारा कॉम्प्रेसर. आधी बंद-चालू करून ऐका, कान द्या.

मी शेवटी झांजेवरचं सॅच्युरेशनच काढलं. काकांना नवी फाईल पाठवलीय, अजून फोन नाही.