बायोप्सीच्या अर्जातला नसलेला रकाना

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पीडी-एल१ची तपासणी मागवली जाते, पण हाती येणारा नमुना त्या तपासणीच्या लायकीचा नसतो, अशी तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणच्या विकृतिशास्त्रज्ञांची पत्रे सातत्याने करत आहेत. तक्रार रास्त आहे.

एचपीव्ही विषाणूची ई६ व ई७ ही प्रथिने या कर्करोगाच्या अर्बुदपेशींत अखंड तयार होत असतात आणि ती शरीराला परकी असल्याने सीडी८ टी पेशी, म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या लसिकापेशी, अर्बुदात शिरतातही. परंतु अर्बुदपेशी व भक्षकपेशी यांच्या पृष्ठभागावरचे पीडी-एल१ हे प्रथिन टी पेशींवरील पीडी-१ला जखडते आणि हल्ला थंडावतो. ही जखडण सोडवणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध केमोथेरपीला जोडल्यास पसरलेल्या वा उलटलेल्या रोगातही आयुष्य वाढते, हे २०२१च्या कीनोट-८२६ चाचणीने दाखवले, आणि त्यामुळे सीपीएस या गुणांकाचे महत्त्व वाढले. पीडी-एल१ दर्शवणाऱ्या अर्बुदपेशी, लसिकापेशी व भक्षकपेशी यांच्या बेरजेला जिवंत अर्बुदपेशींच्या संख्येने भागून १००ने गुणले की तो मिळतो. न्यूट्रोफिल व प्लाझ्मा पेशी त्यात धरायच्या नसतात, आणि किमान १०० जिवंत अर्बुदपेशी नसतील तर नमुना अपुरा ठरतो.

औषधाच्या निर्णयासाठी सीपीएसची सीमा १ असताना प्रत्यक्षात येतो तो व्रणाच्या पृष्ठभागावरून खुडलेला, मृत ऊती व न्यूट्रोफिल यांनीच भरलेला तुकडा, तोही कधी सलाइनमध्ये. ऊतींचे स्थिरीकरण १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास व्हावे लागते; शनिवारी घेतलेली बायोप्सी बुधवारी पोचली तर ती मर्यादा उलटून गेलेली असते, आणि ते कळायला मार्ग नसतो, कारण छापील अर्जात पतीच्या नावाला रकाना आहे, फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याच्या वेळेला नाही. रकाना वाढवण्याची मागणी केल्यास अर्जाचा मसुदा वरून ठरलेला आहे, असे उत्तर मिळते. तो वर कोणी ठरवला, हे कोणालाच सांगता येत नाही.

औषधच परवडत नाही तर तपासणी कशाला, हा काही डॉक्टरांचा युक्तिवादही निरुपयोगी आहे, कारण चुकीचा अहवाल रुग्णाच्या कागदांत कायम राहतो आणि पुढे औषधाची सोय झाली तरी उपचाराच्या आड येतो. अपुऱ्या नमुन्यावर ‘१ पेक्षा कमी’ असे लिहून मोकळे होणारे विकृतिशास्त्रज्ञही याच दोषाचे धनी आहेत.

अर्ज बदलण्याची वाट पाहू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांनी व्रणाच्या कडेचे, जिवंत ऊतींचे दोन तरी तुकडे घ्यावेत आणि बाटलीच्या चिठ्ठीवर तारीख-वेळ पेनाने लिहावी. विकृतिशास्त्रज्ञांनी ‘नमुना अपुरा’ हे शब्द लिहिण्याचा संकोच सोडावा आणि त्याच दिवशी फोन करून दुसरी बायोप्सी मागावी.