आबांच्या कानातला टीव्ही



आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद शिजवायचे दिवस आणि दहावीची परीक्षा दरसाल एकमेकांच्या अंगावर येतात. कळमनुरी तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी मुक्कामाला होतो, तेव्हा ही गाठ जवळून पाहिली. आबा ओसरीवर टीव्हीपुढे बसलेले. वय ७५ च्या पुढे, कानांनी कमी. बातम्यांचा आवाज एवढा की चौथ्या घरात ऐकू जावा. आतल्या खोलीत नात कानात कापसाचे बोळे घालून गणिते सोडवत होती. मुलगा दिवसभर हळदीच्या कुकरपाशी राबून आलेला, रात्रीची लाईट येण्याआधी जरा डोळा लागतो का पाहत होता. सूनबाई दारातून म्हणाल्या, "आबा, जरा बारीक करा की."

आबांनी बारीक केला. दोन मिनिटे नुसते पडद्याकडे पाहत बसले, मग टीव्ही बंद करून अंगणात बाजेवर जाऊन पडले. कोणी भांडले नाही. पण त्या रात्री जेवणावर कोणाचे मन नव्हते.

खरे तर टीव्ही आपल्याकडे आला तो माणसे एकत्र बसवीत. १९८७ साली रामायण मालिका सुरू झाली तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी रविवारी सकाळी सगळी आळी. तेव्हा आवाज मोठा असला तरी तो सगळ्यांनाच हवा असे. आता घरोघर छत्री आहे आणि एकाच छपराखाली एकाला बातम्या हव्यात, दुसऱ्याला अभ्यास, तिसऱ्याला झोप.

यावर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक तोड काढली. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजवायचा आणि दीड तास सगळ्यांनी टीव्ही, मोबाईल बंद ठेवायचे, पोरांनी अभ्यास करायचा, असे ठरवले. चांगलेच केले. पण ज्या म्हाताऱ्या माणसाला दिवसभरात तेवढीच करमणूक आहे त्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापला सोडवायचा. आबांच्या मुलाने मला विचारले, "ते बिनवायरचे हेडफोन घ्यावेत का? बाजारात हजार-पंधराशेला मिळतात म्हणे."

घ्यावेत. पण दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या आणि बॉक्सच्या मागे टॉर्च मारून पाहा.

टीव्ही नवा, इंटरनेटवाला असेल आणि त्यात ब्लूटूथ असेल, तर हेडफोन थेट जोडता येतो. मात्र अशा पुष्कळ संचांत हेडफोन जोडला की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो. मग आबा ऐकतात आणि बाकीचे मुका टीव्ही पाहतात. टीव्ही जुना असेल तर ब्लूटूथ ट्रान्समीटर नावाची काडेपेटीएवढी डबी वेगळी घ्यावी लागते. बॉक्सच्या मागे पिवळे, लाल, पांढरे असे तीन जॅक असतात. त्यांतल्या लाल आणि पांढऱ्यात आवाज असतो, तिथे ही डबी लागते. काही बॉक्सला तीनऐवजी एकच बारीक भोक असते, तेव्हा कोणती वायर लागेल ते दुकानदाराला फोटो दाखवूनच विचारा. टीव्हीची वायर आधीच त्या जॅकमध्ये असेल तर एकाच्या दोन करणारी पिन मागून घ्या.

एक युक्ती लक्षात ठेवा, ही डबी विकणारासुद्धा सांगत नाही. डबी बॉक्सला लावल्यावर बॉक्सच्या रिमोटने आवाज कमी केला तर हेडफोनचाही कमी होतो. म्हणून बॉक्सचा आवाज चढा ठेवा आणि टीव्हीच्या रिमोटने टीव्हीचा कमी करा. आबांना आबांपुरता, घराला घरापुरता.

ब्लूटूथची पोच साधारण १० मीटर. मध्ये जाड मातीची भिंत आली तर त्याहून कमी, तेव्हा हेडफोन घालून गोठ्यापर्यंत जाऊ असे समजू नका. स्वस्त मालात आणखी एक खोड असते. पडद्यावरचा माणूस आधी ओठ हलवतो आणि शब्द मागून येतो. कीर्तनाला, बातम्यांना चालून जाते. क्रिकेट पाहणारा मात्र वैतागतो. 'लो लेटन्सी' लिहिलेला माल घेतला तर हे कमी होते, पण डबी आणि हेडफोन दोन्ही तसे हवेत. आणि घरातल्या पोराच्या मोबाईलला तो हेडफोन जोडू देऊ नका. त्या घरी नातवाने एकदा जोडला होता. दुसऱ्या दिवशी आबा कीर्तन लावून बसले आणि कानात भलतेच नाचगाणे वाजू लागले. कारण नातू अंगणात मोबाईल घेऊन बसला होता.

म्हाताऱ्या माणसाला कानाच्या आत बोंडासारखे घालायचे घेऊ नका, बाहेरून कान झाकणारे गादीचे घ्या. कान वाहत असेल तर आत काहीच घालू नये. हेडफोन लावलेल्या माणसाला दारावरची हाक, लेकराचे रडणे, जनावराचे हंबरणे कळत नाही. घरात दुसरे कोणी नसेल तर एक कान उघडा ठेवायला सांगा.

आवाजाचेही माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलचा मात्र ४ तासच. घरी मोजायला यंत्र नको. हेडफोन आबांच्या कानावर असताना हातभर अंतरावर बसलेल्याला शब्द कळू लागले तर आवाज फार झाला.

आणि इथेच खरी गोम आहे. कमी ऐकू येते म्हणून आपण आवाज चढवत जातो, हेडफोनने ती तक्रार घरातून नाहीशी होते आणि कान दाखवायचे राहून जाते. टीव्हीचा आवाज कानात आला तरी सूनबाईंची हाक काही त्यातून येत नाही. म्हणून मी त्या मुलाला म्हटले, हेडफोन घे, पण आधी आबांना कानाच्या डॉक्टरांकडे ने. आबा चिडले. "मला बहिरा समजता का रे?" म्हणाले. नातीने समजूत घातली तेव्हा कुठे गाडीत बसले. एका कानात मळाचा खडाच झाला होता, तो काढल्यावर त्या कानाने बरे ऐकू येऊ लागले. दुसऱ्याला वयाने धरले आहे, त्याला श्रवणयंत्र लागेल. ६५ वर्षांच्या पुढच्या गरजू माणसांना असल्या साधनांसाठी ३००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्य सरकारने २०२४ साली काढली आहे. सध्या अर्ज घेतात का, ते समाज कल्याणच्या कार्यालयात विचारा. मळ काढण्यासाठी घरी तेल ओतणे, काडी घालणे मात्र नको.

हेडफोनही आला आहे. टोपीवरून त्याची पट्टी नीट बसत नाही म्हणून आबा टोपी काढून खुंटीला लावतात. चार्जिंगचे काम नातवाकडे दिले आहे, संध्याकाळी लावायचे आणि झोपण्याआधी काढायचे. नऊ वाजले की नात अभ्यास मिटून ओसरीवर येते, तेव्हा आबा हेडफोन बाजूला ठेवतात आणि टीव्हीचा आवाज थोडा चढवतात. ती अर्धा तास दोघे मिळून पाहतात.