तारुण्याची सबब

राजकारणांत तरुण रक्त आलें म्हणजे देशाचें गाडें मार्गाला लागेल, असें एक सोयीचें मत आपल्या सुशिक्षित घरांतून नेहमीं ऐकूं येतें. निवडणूक जवळ आली कीं वर्तमानपत्रें उमेदवारांचीं वयें छापतात, आणि ज्याचें वय चाळिशीच्या आंत त्याच्याविषयीं दिवाणखान्यांत आपोआप कौतुकाचे उद्गार निघतात. तोच तरुण पुढें फसला म्हणजे, ‘पोरांच्या हातीं कारभार दिला कीं असेंच व्हावयाचें,’ हा शेराही त्याच दिवाणखान्यांत तितक्याच तत्परतेनें मारला जातो. आमच्या मतें हीं दोन्ही मतें एकाच आळसाचीं अपत्यें आहेत. दोहोंतही माणसाची जन्मतारीख पाहिली जाते. कारभार पाहिला जात नाहीं. आसामचे प्रफुल्लकुमार महंत यांच्या कारकीर्दीकडे बघतांना या आळसाची किंमत चांगलीच ध्यानांत येते.

१९७९ सालीं मंगलदै मतदारसंघांतील पोटनिवडणुकीच्या वेळीं मतदारयाद्यांत परदेशी नागरिकांचीं नांवें शिरल्याची ओरड झाली आणि आसाम आंदोलन पेटलें. अखिल आसाम विद्यार्थी संघाचे अध्यक्ष महंत व सरचिटणीस भृगुकुमार फुकन हे सहा वर्षें त्याच्या अग्रभागीं होते. १५ ऑगस्ट १९८५ रोजीं केंद्र सरकारशीं करार झाला. ऑक्टोबरांत गोलाघाट येथें आसाम गण परिषद स्थापन झाली. डिसेंबरांत ती निवडून आली. आणि २४ डिसेंबर रोजीं, वयाचीं नुकतीं तेहतीस वर्षें पुरीं केलेले महंत मुख्यमंत्री झाले. विद्यार्थी-वसतिगृहांतून थेट राज्याच्या गादीवर! या दृश्यानें साऱ्या देशाचे डोळे दिपले. दिपलेल्या डोळ्यांना हिशेब दिसत नाहीं, हीच खरी अडचण झाली.

आतां हिशेब पाहूं. आंदोलनाचा प्रश्न एकच होता: २४ मार्च १९७१ नंतर बेकायदा आलेल्या परकीयांस हुडकून बाहेर घालविणें. कराराप्रमाणें हें काम व्हावयाचें होतें. परंतु १९८३ च्या केंद्रीय कायद्यानें, अमुक मनुष्य परकीय आहे हें सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणारावर टाकली होती. त्या कायद्याच्या चौकटींत काम पुढें सरकणें जवळजवळ अशक्य होतें. महंतांचे कैवारी म्हणतात, ‘कायदा दिल्लीचा, गुवाहाटीच्या मुख्यमंत्र्यानें काय करावें?’ हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु १९८९ च्या डिसेंबरांत विश्वनाथ प्रताप सिंग यांचें सरकार आलें, तेव्हां त्यांत कायदेमंत्री कोण होते? आसाम गण परिषदेचेच दिनेश गोस्वामी! तें सरकार अल्पमतांतलें होतें व अकरा महिन्यांत पडलें, हेंही मान्य करूं. पण १९९६ सालीं महंत पुनः मुख्यमंत्री झाले आणि दिल्लींत आलेल्या संयुक्त आघाडीच्या सरकारांतही त्यांच्या पक्षाचा मंत्री बसला. कायदा होता तेथेंच राहिला. अखेर २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला, तो सर्वानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर. हेही त्याच विद्यार्थी संघाचे एके काळचे अध्यक्ष. जें काम दोन कारकीर्दींत झालें नाहीं तें एका याचिकेनें झालें.

तरीही कायदा रद्द झाला नाहीं हा आमचा मुख्य आरोप नव्हे. मुख्य आरोप असा कीं, प्रश्न किती अवघड आहे हें लोकांस सांगण्याचें काम या पुढाऱ्यांनीं केलें नाहीं. नागरिकत्व म्हणजे कागद. आणि पुरानें दर वर्षीं गांवेंच्या गांवें धुऊन नेणाऱ्या प्रांतांत गरिबाच्या घरीं कागद टिकतो कोठें? २०१९ च्या ऑगस्टअखेर नागरिक नोंदणीची अंतिम यादी प्रसिद्ध झाली, तींतून १९ लाख ६ हजार ६५७ माणसें वगळलीं गेलीं. आणि हा आंकडा फार मोठा म्हणून एक बाजू रडली, तर फार लहान म्हणून दुसरी चिडली. ही गुंतागुंत १९८५ सालीं नव्हती काय? होती. पण सभेंत टाळ्या घोषणेला पडतात, गुंतागुंतीला पडत नाहींत, आणि सहा वर्षें टाळ्यांवर वाढलेल्या नेतृत्वास ती संवय सोडवली नाहीं.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. ‘आमची भाषा, आमची भूमि, आमचें वेगळेपण’ हा ज्यांचा मंत्र, त्यांनीं निदान दुसऱ्याच्या तोंडचा तोच मंत्र ओळखावयास हवा होता. १९८७ सालीं उपेंद्रनाथ ब्रह्म यांच्या नेतृत्वाखालीं बोडो विद्यार्थ्यांनीं वेगळ्या राज्याची मागणी केली. त्यांचेंही हत्यार आंदोलन, त्यांचेही पुढारी विद्यार्थी, त्यांचीही तक्रार तीच: मोठा शेजारी आम्हांस गिळतो. दिल्लीनें आसामला जें ऐकविलें होतें, तेंच आतां गुवाहाटीनें बोडोंना ऐकविलें. आपल्या अस्मितेला न्याय आणि दुसऱ्याच्या अस्मितेला फुटीरपणा म्हणावयाचें, हा दुटप्पीपणा केवळ आसामचा नाहीं. ‘भूमिपुत्र’ हा शब्द आपल्या महाराष्ट्रांतही चांगलाच चलनी आहे. तो उच्चारतांना, आपल्याच डोंगरांतला आदिवासी आपणांस तोच शब्द ऐकवूं शकेल, याची आठवण कितीजण ठेवतात?

तिसरी बाब रक्ताची आहे, आणि तेथें शब्द तोलूनच वापरले पाहिजेत. १८ फेब्रुवारी १९८३ रोजीं नेल्लीच्या परिसरांत बंगाली वंशाच्या मुसलमान खेडुतांची कत्तल झाली. सरकारी आंकड्यानेंच मृतांची संख्या दोन हजारांवर जाते. ही कत्तल महंतांनीं घडविली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु करारानंतर खटले गुंडाळले गेले, कोणासही शिक्षा झाली नाहीं, आणि चौकशीचा अहवाल त्यांच्या दोन्ही कारकीर्दींत सर्वसामान्य जनतेच्या हातीं पडला नाहीं. पुढें उल्फाच्या बंदुकांचा अंमल वाढला. सरकार त्यांच्याशीं सौम्यपणें वागतें असा आरोप झाला. आणि नोव्हेंबर १९९० मध्यें केंद्रानें तें सरकार बरखास्त केलें. दुसऱ्या कारकीर्दींत नेमकें उलट घडलें. १९९८ पासून २००१ पर्यंत अज्ञात मारेकऱ्यांनीं उल्फाच्या माणसांच्या नातेवाइकांस घरांत घुसून मारलें. न्यायमूर्ति सैकिया आयोगानें त्याबद्दल ठपका ठेवला. २०१८ सालीं गुवाहाटी उच्च न्यायालयानें त्या आयोगाची नेमणूकच बेकायदा ठरविली. म्हणून कायद्याच्या दृष्टीनें महंतांवर दोष उरला नाहीं, आणि तो आम्हीही चिकटवीत नाहीं. पण गृहखातें मुख्यमंत्र्यांच्याच हातीं होतें. ‘हें थांबविणें कोणाचें काम होतें?’ हा प्रश्न उच्च न्यायालयानें रद्द केलेला नाहीं.

आतां ‘पोरखेळ’ म्हणणाऱ्यांकडे वळूं. पहिल्या कारकीर्दीचा दोष वयावर ढकलतां येईल. दुसरीचा कसा ढकलणार? १९९६ सालीं महंत त्रेचाळीस वर्षांचे होते, पांच वर्षांच्या अनुभवाचे होते, आणि फुकन यांच्यासारखा सोबती १९९१ सालीं वेगळा पक्ष काढून बाहेर पडल्याचा धडाही त्यांनीं घेतलेला होता. तरी हिशेब न देण्याची रीत तीच राहिली. २००१ सालीं लोकांनीं त्यांस दूर करून ज्यांना आणलें ते नांवानें तरुण, परंतु वयानें साठी उलटलेले गोगोई. आणि ते पंधरा वर्षें टिकले. जन्मतारखेवर भिस्त ठेवणारांनीं याचा उलगडा करावा.

तेव्हां दोष तारुण्याचा नव्हता आणि गुणही तारुण्याचा नव्हता. महंतांजवळ संघटनेची शक्ति होती, चिकाटी होती. सहा वर्षें लाखो माणसें रस्त्यावर आणणें हें सामान्याचें काम नव्हे. उणीव होती ती त्यांना प्रश्न विचारणाऱ्या आप्तांची. विरोधकांनीं विचारलेला प्रश्न पुढारी झटकून टाकतो. आपल्या माणसानें विचारलेला झटकतां येत नाहीं. आसामचे शिक्षक, वकील, डॉक्टर, गृहिणी हे सारे आंदोलनाचे आप्तच होते. पण आप्तपणा म्हणजे हार घालणें अशीच त्यांची बहुधा समजूत राहिली.

आपल्याकडेही उद्यां एखादा पस्तिशीचा तरुण गुलाल उधळीत दारीं येईल. घराण्याचें नांव घेऊन येईल किंवा आंदोलनाचें. त्याला वय विचारण्यापेक्षां तीन गोष्टी विचाराव्या: तुमचा प्रश्न सोडवावयास किती वर्षें, किती पैसा व किती माणसें लागतील, तुमच्याच शब्दांत तुमच्याकडे न्याय मागणाऱ्या दुबळ्यास काय उत्तर द्याल, आणि तुमच्या राज्यांत रक्त सांडलें तर कागद उघडे कराल काय? जो या प्रश्नांनीं चिडेल त्यास, तो पंचविशीचा असो कीं पंचाहत्तरीचा, मत देऊं नये.