पहिली ध्वनिफीत आणि समीक्षेचे मौन

संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीचे जाखडी मंडळ आपली पहिली ध्वनिफीत काढत असे, तेव्हा मराठी साहित्यव्यवहाराच्या लेखी काहीही घडत नसे. वाडीत मात्र बरेच काही घडलेले असे. मुंबईकर चाकरमान्यांनी वर्गणी जमवलेली असे, शाहिराने गण, गौळण आणि सवाल-जवाब नव्याने रचलेले असत, आणि गणपतीच्या दिवसांत रात्रभर उमटून विरून जाणारा शब्द प्रथमच पुन्हापुन्हा ऐकता येईल अशा रूपात स्थिरावलेला असे. पुढे ध्वनिफितीची जागा तबकडीने घेतली, तबकडीची भ्रमणध्वनीने. समीक्षेचे मौन तेवढे कायम राहिले.

या मौनाचे समर्थन दोन पक्ष करतात. एकाच्या मते ही रचना कच्ची आहे: चाली चित्रपटगीतांवरून उचललेल्या, यमके ओढून आणलेली, गळे न कमावलेले. दुसरा पक्ष उदार आहे. तो जाखडीला 'लोककला' म्हणतो, तिच्या जतनाची चिंता वाहतो आणि शाहिराला शाल-श्रीफळ देतो. पहिला पक्ष न ऐकता नाकारतो, दुसरा न ऐकताच गौरवतो. मूल्यनिर्णयाची जबाबदारी दोघेही टाळतात. दुसऱ्याचा अपराध अधिक सूक्ष्म आहे, कारण 'लोक' हे पद लावताच कर्ता पुसला जातो. वस्तुतः जाखडीचे पद निनावी नसते. शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचे आणि गुरूचे नाव गुंफतो. शक्तीचे श्रेष्ठत्व मांडणारा एक पक्ष, शिवाचे श्रेष्ठत्व मांडणारा तुरेवाल्यांचा दुसरा. एकाने टाकलेला सवाल दुसऱ्याने श्रोत्यांसमक्ष सोडवायचा, अशी ही रीत आहे. एका कवीने दुसऱ्या कवीच्या संहितेचे जाहीर वाचन करून तिला उत्तर देण्याची ही प्रथा जर साहित्यव्यवहार नसेल, तर त्या संज्ञेला अर्थ काय उरतो? पेशवाईतील राम जोशी आणि होनाजी बाळा अभ्यासक्रमात आहेत. कलगी-तुऱ्याचा तोच झगडा आज चालवणारा शाहीर लोकसाहित्याच्या दालनात पाठवला जातो. दोघांतला निर्णायक फरक गुणवत्तेचा नाही. पहिले छापले गेले आहेत आणि दिवंगत आहेत.

कच्चेपणाचा आक्षेप तर मराठी समीक्षेला शोभतही नाही. 'शब्द'सारखे चक्रमुद्रित अनियतकालिक, 'असो'सारखा अंक, पुसट शाई आणि मूठभर वाचक या साऱ्यांतून तिने एका पिढीचे बंड वाचले, आणि ते योग्यच होते. त्या अंकांचा ओबडधोबडपणा हा त्यांच्या आशयाचाच भाग आहे, हे तिने मान्य केले. मग तोच न्याय ऐकू येणाऱ्या शब्दाला का नाही? कच्चेपणा छापील असला की बंडखोरी आणि कानी पडला की अडाणीपणा, हा निकष सौंदर्यशास्त्राचा नव्हे. तो अक्षरओळख असलेल्यांच्या सोयीचा आहे.

याच निकषाने त्या चळवळीतल्या एका थोर कवीलाही अर्धे ऐकले. अरुण कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले, बळवंतबुवांच्या भजनात रमले आणि १९७३ साली त्यांनी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी गाण्यांचे नमुना-ध्वनिमुद्रण केले. त्या गाण्यांमागे रॉक आणि ब्लूज होते. पहिला गीतसंच मात्र निघाला नाही. कोलटकरांच्या कवितेवर मराठीत विपुल लिहिले गेले. ही गाणी मात्र बहुधा चरित्रातला गमतीदार तपशील ठरली. संगमेश्वरचा शाहीर लोककलेत आणि कोलटकरांचे गाणे आठवणीत, अशी ही विल्हेवाट आहे.

रॉकच्या जगात या प्रश्नाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. साठच्या दशकात अमेरिकेतील हौशी पोरे घराच्या मोटारखान्यात तालीम करीत. पोर्टलंडच्या 'द किंग्जमेन'चे १९६३ मधील 'लुई लुई' इतके अस्पष्ट गायलेले होते, की त्यातील कथित अश्लीलता शोधू पाहणाऱ्या एफ.बी.आय.ला शब्दच लागले नाहीत. ही गाणी विस्मरणात जात असताना लेनी के यांनी १९७२ साली 'नगेट्स' या संचात त्यांतील निवडक २७ एकत्र आणली आणि त्यांवर टिपणे लिहिली. 'गॅरेज रॉक' ही कोटी रूढ झाली ती अशा मागाहूनच्या ऐकण्यातून. जाखडी म्हणजे कोकणचे गॅरेज रॉक, असे समीकरण मांडणे हास्यास्पद ठरेल. उपनगरातला मोटारखाना आणि कुणब्याच्या घरापुढले खळे यांची अर्थव्यवस्था एक नव्हे. घेण्यासारखा आहे तो निवडीचा धडा. लेनी के यांनी सगळेच जतन केले नाही. त्यांनी निवडले, म्हणजे बाकीचे नाकारले. संकलन आणि समीक्षा यांतील अंतर एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

मराठीत जाखडीच्या नोंदी आहेत, वर्णने आहेत, प्रबंधही आहेत. अमक्या शाहिराचे अमुक पद फसले आहे, कारण उसन्या चालीने त्याचा सवाल गिळला, असे विधान मात्र सापडणे कठीण. तमक्याने तीच उसनी चाल मोडून आशयाला नवे वळण दिले, हेही मग म्हणता येत नाही. चित्रपटाची चाल घेणे हा दोष की अवतरण, हा खरा सैद्धांतिक प्रश्न आहे. आंतरसंहितात्मकतेवर परिसंवाद भरवणाऱ्यांनी तो खळ्यात उतरून तपासलेला नाही.

शाहिराच्या गळ्यात हार घालणे सोपे आहे. त्याचे पद ऐकून, शब्द आणि ताल एकत्र धरून, ते चांगले की वाईट हे कारणांसह सांगणे अवघड आहे. त्याला कवी मानण्याचा दुसरा मार्ग मात्र नाही. प्रतिपक्षाचा तुरेवाला हे काम दर गणपतीत करतो. विद्यापीठांतील समीक्षकाने निदान त्याच्या बरोबरीला यावे.