गाठोडे परत आले तेव्हा

रमजान जवळ आला की घरोघरी कपाटे उपसली जातात. आम्हीही उपसतो. आखूड झालेले कुर्ते, विटलेल्या ओढण्या, गुडघ्यात फाटलेले पायजमे यांचे गाठोडे बांधायचे आणि कुणाला तरी देऊन मोकळे व्हायचे. पूर्वी बोहारीण दारावर यायची, जुन्या कपड्यांवर एखादे पातेले देऊन जायची. आता तिची हाक क्वचितच कानी पडते. म्हणून गेल्या वर्षी आम्ही ते गाठोडे मागच्या गल्लीतील एका विधवा भगिनीकडे पोचवले.

दुसऱ्या दिवशी ती गाठोडे घेऊन दारात उभी. आवाज न चढवता म्हणाली, "आपा, राग मानू नका. दोन कपडे ठेवून घेतले. बाकीचे माझी पोरे घालणार नाहीत. तुमची घालतील का?"

आम्ही निरुत्तर झालो. सूरह अल-बकरामधील २६७ वी आयत आम्ही कितीदा वाचली असेल. आपण स्वतः घेणार नाही असे निकृष्ट निवडून दानात देऊ नये, ही ताकीद त्यात आहे. आम्ही मात्र अडगळ काढली होती आणि तिला सदका म्हणत होतो.

त्या रात्री गाठोडे सोडून तीन ढीग केले. आपल्या मुलांना आजही घालता येईल तो पहिला. असे कपडे धुऊन, बटणे लावून, इस्त्री करूनच द्यायचे. फाटलेले पण सुती, तो दुसरा. पॉलिएस्टरचा तिसरा. ओळख पटत नसेल तर कापडाचा एक धागा चिमट्यात धरून पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर आकसून त्याची कडक गुठळी होते. पॉलिएस्टरच्या पिशव्या कराव्यात. पण गरम भांडे धरायला ते कधीही वापरू नये, वितळून हाताला चिकटते.

सुती ढिगाचे मात्र सोने होते. पायजम्याचा पाय कापून खालची बाजू शिवली की कांदे-बटाट्यांची पिशवी तयार. सलवारीचा नेफा तसाच ठेवला तर नाडी ओढून बंद होणारी मोठी पिशवी मिळते. जुन्या चादरीचा न विरलेला भाग कापून कडा दुमडल्या की दस्तरख्वान. पाच-सहा पदर एकत्र शिवले की तव्यासाठी धरणे. नानीच्या रेशमी ओढणीच्या चांगल्या तुकड्याचे आम्ही जुजदान शिवले. कुरआन शरीफ काढताना रोज तिची आठवण येते.

उरलेल्याची गोधडी. कपडे कडक उन्हात वाळवावेत, बटणे आणि जाड शिवणी कापून टाकाव्यात. खाली जुनी लुंगी ताणून पसरावी, मधे तीन-चार पदर, वर साडी किंवा तुकड्यांची जोड. आधी लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे पदर सरकत नाहीत. मग जाड दोऱ्याने कडेपासून आत आत धावदोरा घालत जावे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियाही आपली कवंदी अशीच कडेकडून मध्याकडे शिवतात. त्यांच्यात मुस्लिम, हिंदू, ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांच्या बाया आहेत. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांचे फूल लावतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत.

यात कमीपणा मानू नये. पैगंबर (स.) आपले कपडे स्वतः शिवत आणि चपला स्वतः दुरुस्त करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे.

आमचा धावदोरा वाकडा जाऊ लागला तेव्हा कुणीतरी सांगितले, मागच्या गल्लीतल्या त्या भगिनीचा हात गोधडीवर चांगला बसला आहे. आम्ही संकोचतच तिच्याकडे गेलो. तिने मजुरी सांगितली, आम्ही घासाघीस केली नाही. आठवडाभर दुपारी आमच्या ओसरीवर बसून तिने गोधडी पुरी केली आणि आम्हालाही टाका सरळ घालायला शिकवले. ज्या कपड्यांनी तिला अवमान वाटला होता, त्याच कपड्यांची तिने कमाई केली.

यंदा ईदसाठी तिच्या मुलांना कापड घेतले, ते आमच्या मुलांच्याच ताग्यातले. तिने हातात घेऊन पोत पाहिला आणि काही न बोलता ठेवून घेतले.