खुर्चीची शिक्षा आणि मनगटावरचे घड्याळ

बत्तीस वर्षे मी शाळेत शिकवले. त्या काळात किती पोरांना 'खुर्ची' करायला लावले याचा हिशेब नाही. (भिंतीला पाठ, गुडघे वाकलेले आणि खाली खुर्चीच नाही! गृहपाठ न करणाऱ्यांना हमखास.) आज त्याची लाज वाटते. पण पोराची हनुवटी थरथरू लागली, चेहरा लालबुंद झाला, की "बस खाली" म्हणण्याइतकी अक्कल आम्हा मास्तरांना होती. त्यासाठी घड्याळ बघावे लागत नसे.

आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी तीच खुर्ची माझ्या वाट्याला आली आहे. हल्ली तिला 'वॉल सिट' म्हणतात आणि रक्तदाबावर ती चांगली, असे सांगतात. ते खोटे नाही. २०२३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात न हलता धरून ठेवण्याच्या, म्हणजे आयसोमेट्रिक व्यायामाने वरचा रक्तदाब सरासरी ८ आणि खालचा ४ अंकांनी उतरलेला दिसला. चालणे-पळणे त्याच्या मागे पडले. तेव्हा माझे भांडण खुर्चीशी नाही. भांडण आहे ते ती किती करायची हे ठरवण्याच्या पद्धतीशी.

आमच्या ज्येष्ठांच्या वर्गातला प्रशिक्षक चोवीस-पंचवीसचा, गुणी मुलगा. त्याने माझ्या मनगटावरचे घड्याळ पाहिले (मुलाने वाढदिवसाला दिलेले) आणि हिशेब मांडला. २२० वजा ७४ म्हणजे १४६, त्याचे सत्तर टक्के १०२. "काका, अजून ८१ च आहे, झोनमध्ये आलाच नाहीत. थोडे अजून खाली." मी गेलो खाली. मास्तरला कोणी कमी मार्क दिलेले सोसत नाहीत! मांड्या पेटल्या होत्या, आणि श्वास कधी रोखला गेला ते कळलेही नाही. उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी. शेजारच्या वहिनींनी दंडाला धरले म्हणून पडलो नाही.

आता गंमत बघा. मी रोज मेटोप्रोलॉलची गोळी घेतो. नाडी वर जाऊ न देणे हेच तिचे काम. तो १०२ चा आकडा मला गाठता येणार कसा? गोळीबद्दल त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही. तेवढा दोष माझा.

पण गोळी नसती तरी हिशेब चुकलेलाच होता. पळताना स्नायू आवळतो, सुटतो, रक्त खेळते राहते, आणि नाडी श्रमाच्या मागोमाग चढते. धरून ठेवलेल्या स्नायूचे तसे नाही. तो आतल्या रक्तवाहिन्या दाबून धरतो, आणि शरीर रक्त पोचवण्यासाठी दाब वाढवते. रक्तदाब झपझप चढतो, नाडी त्या मानाने थोडीच वाढते. श्वास कोंडला तर दाब आणखी उसळतो, आणि सोडल्यावर एकदम खाली येतो. अंधारी येते ती तिथे. म्हणजे पळणाऱ्याच्या कोष्टकाने बसलेल्या माणसाला मोजायचे! गणिताच्या पेपरावर मराठीचे मार्क देण्यातला प्रकार. त्यात ते '२२० वजा वय' ही ढोबळ सरासरी. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, संशोधकसुद्धा नाडीच मोजतात." मोजतात, मान्य. पण कशी? आधी त्या माणसाला भिंतीला टेकवून गुडघ्याचा कोन १३५ अंशांपासून दर दोन मिनिटांनी दहा-दहा अंशांनी ९५ पर्यंत उतरवतात, त्याची स्वतःची नाडी कोणत्या कोनाला किती हे बघतात, आणि त्यावरून त्याचा कोन ठरवतात. मग दोन मिनिटे बसणे, दोन मिनिटे विसावा, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. तो आकडा त्या माणसाच्या अंगातून निघालेला असतो, वयाच्या वजाबाकीतून नव्हे. आणि हाताची मूठ आवळण्याच्या व्यायामात तर नाडीवर काही ठरवतच नाहीत. आपल्या पूर्ण ताकदीच्या तीस टक्के जोर, बस्स.

स्वीडनच्या गुन्नार बोर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वी साधा मार्ग काढला : माणसालाच विचारा, किती जड जाते आहे? त्याची एक मोजपट्टी ६ ते २० ची आणि नंतरची शून्य ते दहाची. फुकट आहे, तिला चार्जिंग लागत नाही. आमच्या वयाला, त्यात नाडीची गोळी चालू असताना, मी तीच मानतो. मी पाचपर्यंत जातो आणि मोठ्याने आकडे म्हणत बसतो, म्हणजे श्वास कोंडत नाही. आकडा म्हणता येईनासा झाला की उठतो. अर्थात आधी डॉक्टरांना विचारून आलो.

प्रशिक्षकाला हे सगळे सांगितले. पोरगा समजूतदार, वहीत सगळ्यांच्या गोळ्या लिहून घेतल्या. आता फेरी मारताना विचारतो, "काका, किती?" मी म्हणतो, "पाच." वहिनी मात्र रोज "तीन" सांगतात आणि हनुवटी थरथरत असते. त्यांच्या बाबतीत त्याने हनुवटीकडे बघावे, असे मी त्याला बाजूला घेऊन सांगितले आहे.