अंगात येणं आणि आज्ञा येणं

बँकेत तिजोरीला दोन चाव्या असतात. एकट्याच्या शब्दावर ती उघडत नाही. घरात मात्र एकाच्या अंगात देव आला, की बाकीचे हात जोडतात. आम्हा सोलापूरकरांना अंगात येणं नवं नाही, आणि दर वेळी तो आजारही नसतो. वारं ओसरतं, माणूस चहा पिऊन कामाला लागतो. पण आवाज दिवसरात्र येऊ लागला, झोप उडाली, ‘अमक्यानं करणी केली, त्याला शिक्षा कर’ असे हुकूम सुटू लागले, की गाठ डॉक्टरांशीच घालावी.

दिल्लीत बुराडीला २०१८ साली एकाच कुटुंबातले ११ जण मरण पावले. दिवंगत वडिलांच्या नावानं आलेल्या सूचनांच्या वह्या घरात सापडल्या, अनेक वर्षांच्या. शिकलीसवरलेली मुलंही त्या घरात होती.

आपल्याकडे उलटही घडतं. आजारी माणसालाच ‘बाधा’ म्हणून झोडपतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरवण्यासाठी बांधून मारण्याची आहे. दोर पुष्कळदा घरचेच आणून देतात, तेही मायेपोटी! १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी फोन चोवीस तास चालतो. कुलदैवताला जाऊन आल्यावर लावला तरी चालेल, पण त्याच दिवशी.